ताईची पाठ

शाळा सुधारण्यासाठी विभागीय शिक्षण कार्यालय असतं. ते कार्यालय सुधारण्यासाठी तांत्रिक साहाय्य देणारे सल्लागार असतात. सल्लागारांना कोणी सुधारायचं, याचा आदेश अजून निघालेला नाही.

आपले सल्लागार विभागोविभागी हिंडत. तक्ते, आराखडे, उद्दिष्टं असा सगळा संसार त्यांच्याकडे होता. पण ख्याती उभी होती ती एका फोटोवर. फोटोत एक शिक्षिका वर्गाकडे पाठ करून फळ्यावर लिहिते आहे आणि मागे मुलांनी उच्छाद मांडलाय. एक पठ्ठ्या तर बाकावर उभा. पडद्यावर हा फोटो आला की सल्लागार जरा थांबत आणि म्हणत, "या बाईंचं फळ्याशी लग्न लागलंय, मुलं पाहुणी आहेत." सभागृह खो खो हसे. हसलेल्या माणसांना मग काहीही पटवता येतं.

बाई म्हणजे सल्लागारांची सख्खी थोरली बहीण. फोटो काढला त्या दिवशी ती नेहमीसारखी मुलांच्या डोळ्यांत डोळे घालूनच शिकवत होती. "चेहरा नको यायला ताई, परवानगीच्या भानगडी असतात. जरा वळ ना," असं यांनीच म्हटलं. ती वळली, आणि मुलं सुटली. बाईंचा भाऊ कॅमेरा घेऊन आल्यावर कोणती मुलं गप्प बसतील? लहानपणी पायाला काटा लागला की हेच सल्लागार याच पाठीवर बसून शाळेत जात. पण ते कुठल्या आराखड्यात बसत नव्हतं.

या खेपेला विभाग ताईचाच निघाला. सल्लागारांनी आदल्या संध्याकाळी सादरीकरणातून फोटो काढून टाकला आणि फार मोठं पुण्य केल्यासारखे गाढ झोपले.

सभागृहात ताई तिसऱ्या रांगेत होती. अंगावर आईने विणलेला तपकिरी स्वेटर, फोटोतलाच. उजव्या कोपराला हिरव्या लोकरीचं ठिगळ. तिने मांडीजवळच हळूच हात हलवला. सल्लागारांनी माइक तपासायला घेतला.

सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात पहिल्या रांगेतून शिक्षणाधिकारी मॅडम म्हणाल्या, "अहो सर, ती फळ्यावाली बाई कुठाय? तिच्यासाठी तर मी सगळ्यांना बोलावलंय!"

"आज राहू द्या, मॅडम. वेळ कमी आहे."

"राहू द्या कसं? फोटो माझ्याकडे आहे की! मागच्या बैठकीला तुम्हीच दिला होतात." आणि मॅडमनी स्वतः उठून तो लावला.

पडद्यावर भिंतभर ताईची पाठ.

"आणि ते वाक्य, सर? ते तुमच्याच तोंडून हवं."

इथे नाही म्हणता आलं असतं. पण मॅडमची सही झाली तर पुढचे विभाग मिळणार होते, आणि जिभेला हाड नसतं ते अशाच वेळी कळतं. सल्लागार वाक्य पुटपुटले. पुटपुटलेलं तिसऱ्या रांगेपर्यंत पोचवणं हेच माइकचं काम. सभागृह हसलं.

ताईच्या शेजारची बाई तिला कोपराने ढोसत म्हणाली, "अगं, स्वेटर बघ! तुझाच की गं, ठिगळासकट!"

"हिरवी लोकर काय माझ्या एकटीच्या घरात असते?" ताई म्हणाली, आणि इतरांपेक्षा जरा उशिरा हसली. मग तिने स्वेटर काढला, घडी केली आणि पर्समध्ये कोंबला. सभागृहात चांगलाच गारठा होता.

सल्लागारांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "ती माझी बहीण आहे," ते एकदम म्हणाले. "ती अशी शिकवत नाही. वळ म्हणून मीच सांगितलं होतं."

मग मॅडमनी टाळी वाजवली. "वा! टीका करायची तर घरापासून. लिहून घ्या सगळ्यांनी." सगळ्यांनी लिहून घेतलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. एवढं कौतुक त्यांच्या खऱ्या शब्दांचं आजवर झालं नव्हतं, आणि ते खरं मात्र कोणीच धरलं नव्हतं; सगळ्यांना तो भाषणातलाच एक डाव वाटला.

चहाच्या वेळी ताई व्हरांड्याच्या टोकाला एकटी उभी होती. हातावर काटा आलेला.

"ताई, स्वेटर घाल गं."

"घालते. आधी तू जा तिकडे. दोघांना एकत्र बघितलं की लोक ताडतील."

"पण मी सांगितलं ना सगळ्यांना!"

"सांगितलंस रे. आधी हसवलंस, मग सांगितलंस." तिने त्याच्या कोटावरची धूळ झटकली, लहानपणी झटकायची तशीच. ते त्याला टाळ्यांपेक्षा जड गेलं.

"सर!" दारातून मॅडमची हाक आली. "ते बहिणीचं पुढच्या विभागातही ठेवा हं. फार भिडतं!"

"हो, मॅडम," सल्लागार म्हणाले. म्हणून गेले, आणि मग वळून पाहिलं.

ताई त्यांच्याकडे पाठ करून स्वेटर घालत होती. या वेळी तिला वळ म्हणून कोणी सांगितलं नव्हतं.