मोटारीच्या दारातली तार

लतिका विजयकरला ऑफिसात कुणी प्रेमानं हाक मारल्याचं कुणाला आठवत नाही. तिचंही त्यावाचून अडलं नव्हतं. गिरगावात दोन खोल्यांत नऊ माणसांत वाढलेली, माटुंग्याच्या कॉलेजात मेकॅनिकलच्या वर्गात एकटीच मुलगी. तोंड उघडल्याशिवाय बसायलासुद्धा जागा मिळत नाही, हे तिला लवकर कळलं. आता पन्नाशीला टेकली होती आणि परळला, जुन्या गिरणीच्या आवारातल्या काचेच्या ऑफिसात मोटारीच्या दारांची हँडल्स करत होती.

हँडल म्हटलं की लोक हसतात. हसोत. गाडी घेताना माणूस इंजिनाबद्दल तासभर बोलतो, पण रोज हात लावतो तो हँडललाच.

तिचं नवं हँडल इवलंसं होतं. एरवी दाराच्या पत्र्याशी सपाट. खिशात चावी घेऊन मालक जवळ आला की आतली मोटर हँडलला बाहेर ढकलणार, बोट लागलं की कुलूप विजेवर उघडणार. आणि वीजच गेली तर? तर लपवलेल्या भोकात किल्ली फिरवायची, हँडलचं पुढचं टोक अंगठ्यानं दाबायचं, उचललं गेलेलं मागचं टोक धरून ओढायचं. हँडलपासून कुलपापर्यंत पोलादी तार होती. तार ओढली की दार उघडलं.

भांडण या तारेवरून होतं. विभागाचा प्रमुख अभय सबनीस तिच्याहून बराच लहान, आणि ते तो तिला विसरू देत नसे.

"तार काढली तर हँडल निम्म्या जाडीचं होईल, लतिकाताई."

"आणि बंद पडलं तर?"

"आत दुसरी छोटी बॅटरी आहे."

"ती बंद पडली तर?"

"तुमच्या आयुष्यात सगळं बंदच पडतं का हो?"

"तुमच्या हाताखाली आल्यापासून."

हे रोजचं. तारेसाठी एवढा हट्ट का, म्हणून ऑफिसात कुजबूज चाले. कुणी जवळचं गाडीत अडकून गेलं असणार, असं ठरवून काही जणांनी तिच्याकडे दयेनं बघायलाही सुरुवात केली होती. कुणी गेलं नव्हतं. दार हातानं उघडता आलं पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं, आणि एवढ्या साध्या गोष्टीला मुडदा कशाला लागतो, हे तिला कळत नसे.

अखेर अभयनं स्वतःचं, बिनतारेचं हँडल करून घेतलं. गाडीच्या कंपनीकडून कीर्ती नावाची बाई येऊन दोनांतलं एक निवडणार होती. तिनं दिवस दिला तो नेमका खंडेनवमीचा.

ऑफिसच्या मागच्या हॉलमध्ये लोखंडी घोडीवर दोन दारं उभी केली होती. नुसती दारं; गाडी नाही, चाकं नाहीत. उजवीकडे अभयचं, डावीकडे लतिकाचं. सकाळी शिपाई लवू दादरच्या फूलबाजारातून झेंडूचे हार घेऊन आला. त्यानं कॉम्प्युटरला घातले, लेथला घातले आणि दारांपुढे येऊन थबकला.

"बाई, ह्येका हार खंय बांधू? हँडल खंय गेला?"

"बांधू नकोस," अभय लांबूनच ओरडला. "पाहुणे हसतील. हे सँपल आहे, ट्रक नाही."

खरं तर लतिकालाही हार नकोच होता. पण अभय नको म्हणाला, आणि तिच्या मस्तकात तिडीक गेली.

"आण इकडे," ती म्हणाली. तिनं मोटर चालवून आपलं हँडल बाहेर काढलं, त्याच्या मानेत हाराचा दोरा ओवला आणि चांगली निरगाठ मारली. हँडल आत गेलं. झेंडू दारावर छान लोंबत राहिला. अभयच्या गुळगुळीत दारावर बांधायला काही नव्हतंच. लवूनं वरच्या कडेवर एक फूल ठेवलं आणि हात जोडले.

कीर्ती आली. चहा नको म्हणाली. दोन्ही दारांची चावी खिशात टाकून अभयच्या दाराशी गेली, हँडल बाहेर आलं, बोट लावलं, दार उघडलं. मग लतिकाच्या दाराशी. मोटर कुरकुरली, हँडल जरासं हललं आणि परत आत. पुन्हा कुरकुर, पुन्हा आत. अडथळा लागला की माघार घ्यायची, हे लतिकानंच मोटरला शिकवलं होतं. तिसऱ्यांदा मोटर गप्प बसली. दोरा आणि एक अख्खं फूल आत ओढलं जाऊन फटीत चेंगरलं होतं.

"वा!" अभय म्हणाला. "मोटर आणि तार, दोन-दोन वाटा, आणि दोन्ही बंद. स्वतःच्या हातानं बंद केल्यात हो, ताई. आता तरी तार काढायची ना?"

हॉलमध्ये कुणीतरी फिसकन हसलं. लतिकानं किल्ली फिरवली. पुढचं टोक दाबलं. मागचं टोक नखाएवढंच उचललं गेलं.

"राहू द्या," अभय म्हणाला. "या वयात लचक भरेल."

तिनं त्या फटीत चारही नखं खुपसली आणि ओढलं. हँडल नव्हे, अभयचं बखोटच धरल्यासारखं ओढलं. दोरा तुटला. झेंडू फरशीवर सांडले, तार ताणली गेली, खटका वाजला आणि दार उघडून अभयच्या गुडघ्यावर बसलं.

"मोटरनं तीनदा सोडून दिलं," लतिका धापा टाकत म्हणाली. तिच्या एका नखातून रक्त येत होतं. "हात सोडत नाही. म्हणून तार."

कीर्ती खूश झाली असेल असं कुणाला वाटत असेल, तर नाही झाली. तिनं चेंगरलेलं फूल उचललं, पाहिलं आणि टाकलं.

"माझ्या आईला एवढा जोर लावता येणार नाही," ती म्हणाली. "दसऱ्याला प्रत्येक घरात गाडीला हार बांधणार, हे तुम्हाला आज कळलं? दोघांनाही? तार ठेवा. पण दोरा अडकलेला चालणार नाही, आणि जाडी केसभरही वाढलेली चालणार नाही. दिवाळीनंतर दाखवा." आणि गेली.

अभयनं नंतर लतिकाशी कामापुरतंही बोलणं सोडलं. चिठ्ठ्या लवूच्या हाती येत. तिनं हँडलच्या मानेत दोरा निजेल अशी बारीक खाच काढली, जागेसाठी तार वळवून खालून नेली, आणि नवं सँपल घोडीवर चढवलं.

दुसऱ्याच दिवशी अभय पिशवी घेऊन आला. हाराचा दोरा, सुतळी, नाडा, पतंगाचा मांजा. त्यानं एकेक करून हँडलला बांधलं, मुद्दाम वेडंवाकडं, गाठीवर गाठ. प्रत्येक वेळी हँडल आत गेलं आणि प्रत्येक वेळी बाहेर आलं. मग त्यानं मोटरची वायर उपटली, किल्ली फिरवली, पुढचं टोक दाबलं आणि मागचं दोन बोटांनी ओढलं. दार उघडलं.

तो तसाच उभा राहिला, कपाळावर आठ्या. अडकत नाही याचा त्याला मनापासून राग आला होता.

लतिका टेबलावरून उठलीसुद्धा नाही.

"काथ्या राहिला," ती म्हणाली. "उद्या घेऊन या."