धरून ठेवलेली खाट

एका खाटेवरून मी केलेली चौकशी आठवली, की मला अजून हसू येते. नातवंडांनो, तुमच्या पत्रात विम्याच्या कागदांबद्दल वाचले, म्हणून ती लिहून काढते.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी पोलीस खात्यात नवी उपनिरीक्षक होते. बायकांचे जबाब घ्यायचे असले की मला पाठवत. अंबरनाथच्या एका कारखान्याने कामगारांचा आजारपणाचा विमा उतरवला होता. तिथे काम करणारी शिरगावची एक बाई विषमज्वराने उल्हासनगरच्या एका दवाखान्यात बारा दिवस होती. विमा कंपनीच्या तपासनिसाने अर्ज दिला: मी भेटीला गेलो, तेव्हा ही बाई खाटेवर बसून तांदूळ निवडत होती. रोगी तूच का विचारले, तर हो म्हणाली. गरज नसताना दाखल होऊन फसवणूक केली.

आरोप खरा ठरता तर बाईची नोकरी गेली असती.

मी तिला ठाण्यावर बोलावले. सोबत तिची जाऊ आली. बाई बाकावर बसली, जाऊ खाली जमिनीवर. बाई अगदी वाळलेली, केस कापलेले. जबाबासाठी मी तिला टेबलाजवळ बोलावले. ती उठताच जाऊ चटकन तिच्या जागेवर जाऊन बसली. तेवढ्यात तपासनीस आत आले आणि बाकाकडे बोट करून ओरडले, "हीच ती!"

"मी नाय बाय, ती आजारी!" जाऊ म्हणाली.

"मग तेव्हा हो का म्हणालीस?" मी विचारले.

"नाय म्हटलं असतं तर खाट गेली असती ना! तिथं खाट रिकामी दिसली, की दुसऱ्याला देतात. हिला उंचावर झोप येत नाय, पडायची भीती. ती खाली चटईवर, नि मी वर. खाट धरून बसले."

"आणि तांदूळ?"

"नुसतं बसून काय करू?"

तपासनीस हसले नाहीत. "म्हणजे घरीही चटईवरच झोपली असती. कंपनी सोयीसाठी राहिलेल्यांना भरपाई देत नाही."

दाखल होणे गरजेचे होते का, हाच खरा प्रश्न होता. मी विम्याचा इंग्रजी कागद मागून घेतला. भरपाई फक्त 'आवश्यक उपचारां'ची होती, म्हणून त्या शब्दांच्या व्याख्येचे कलम शोधले. आवश्यक उपचार म्हणजे दाखल होताना रोग्याची जी अवस्था असेल, तिला धरून इलाज करणारा डॉक्टर नेहमीच्या वैद्यकीय रीतीने जो ठरवील, तो. कोण कुठे झोपले, याबद्दल एक अक्षर नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी उल्हासनगरच्या निर्वासित कॅम्पातल्या त्या दवाखान्यात गेले. सिंधी डॉक्टरांनी नोंदवही पुढे केली: दाखल होताना तीव्र ताप, बरळणे, पोटात पाणीही ठरत नाही, सलाईन चालू.

"मॅडम, सलाईन शिरगाव में कौन लगाता?" डॉक्टर म्हणाले. "और वो जेठानी! रोज़ बोलता था, उतरो. उतरती ही नहीं थी!"

नोंदीची नक्कल घेऊन मी सगळ्यांना पुन्हा बोलावले. तपासनिसांनी ती दोनदा वाचली, कलमाशी ताडून पाहिली आणि अर्ज मागे घेतला. माणूस सरळ होता. कलम त्याने निम्मेच वाचले होते, एवढेच. बाईने डोळे पुसले. "परवापासून कामावर जाते," म्हणाली.

तेव्हापासून मी दोन सवयी लावून घेतल्या. माणूस खोटे बोलला, तर त्याला काय हातचे जाईल असे वाटत होते, ते आधी विचारायचे. आणि कागदात एखादा मोठा शब्द आला, तर त्याचा अर्थ त्याच कागदात कुठे दिला आहे, ते शोधायचे. तुम्हीही शोधा.

तपासनिसांना दारापर्यंत पोचवून मी परत आले, तर जाऊबाई माझ्याच खुर्चीत.

"अगं, हे काय?"

"तो हवालदार बसायला निघालेला, बाय," ती उठत म्हणाली. "तुमच्यासाठी धरून ठेवली."