डाव्या हाताची गाणी

रूथ गेल्याचं त्यांच्या लेकीनं, एलननं, फोनवर सांगितलं. “सकाळी गेली, सुधा. अगदी शांतपणे...” मी क्लिनिकमध्ये होते. सहा वर्षांपूर्वी त्या मला पहिल्यांदा भेटल्या, त्या इथेच. त्यांनी इथल्या नेपरव्हिल गावातल्या शाळेत आयुष्यभर संगीत शिकवलं, सुट्टीत संगीतनाटकं रचली आणि साठीला आल्यावर न्यूयॉर्कच्या एका निर्मात्यानं त्यांचं नाटक घेतलं. त्याच हिवाळ्यात पॅरॅलिसिसचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, आणि नाटकातलं शेवटचं गाणं व्हायचंच होतं. मी नागपूरहून आलेली फिजिओथेरपिस्ट. मी त्यांचा उजवा हात उचलून व्यायाम करवून घ्यायची, तेव्हा डाव्या हाताची बोटं टेबलावर ताल धरायची. “रूथ, इकडे लक्ष द्या,” मी रागवायची. “तू हात बघ, मी गाणं बघते!” त्या हसायच्या.

मग निर्मात्याचा फोन आला. शेवटचं गाणं दुसऱ्या कोणाकडून करून घेऊ, तुम्ही आराम करा. “माझं नाटक मीच पूर्ण करणार,” त्यांनी ठणकावलं. फोन ठेवल्यावर मात्र रडल्या. “जमेल का गं मला?” खोटा धीर देणं मला जमत नाही. म्हटलं, “उजव्याचं सांगता येत नाही. पण डाव्याला काहीही झालेलं नाही.” दुसऱ्या दिवसापासून त्या कागद टेबलाला चिकटवून, पहिलीतल्या मुलासारख्या वाकड्यातिकड्या खुणांनी सूर लिहू लागल्या. दोन महिन्यांत गाणं झालं.

पहिल्या प्रयोगाला मला न्यूयॉर्कला नेलं. शेवटच्या गाण्याला साथ फक्त पियानोची, तीही एका हाताची. गाणं संपलं आणि अख्खं थिएटर उभं राहिलं. एलनचा हात धरून रूथ रंगमंचावर आल्या, टाळ्या थांबेनात. मी रडत रडत शेजारच्या अनोळखी बाईंना सांगत होते, “माझी पेशंट आहे ती!” त्यानंतर त्यांनी आणखी दोन नाटकं केली. सगळी डाव्या हातानं.

परवा एलनला भेटायला रूथच्या घरी गेले. पियानोसमोरचं स्टूल मधोमध नव्हतं, डाव्या हाताला वरचे सूर गाठता यावेत म्हणून चांगलं हातभर उजवीकडे होतं. जुन्या जागी गालिच्यावर पायांचे चार खड्डे अजून दिसत होते. एलन स्टूल मध्ये सरकवायला वाकली.

“राहू दे,” मी म्हटलं.

तिनं स्टूल सोडलं. मग तिथेच बसली आणि उजवा हात मांडीवर ठेवून वाजवायला लागली.