वरच्या मजल्यावर बाळ दिसेना

परभणीतल्या एका खासगी दवाखान्यात मी नेटवर्कचं काम बघते. राहायला पिंगळीला, सासरी. एरवी स्कूटीवर येते, पाऊस असला की रेल्वेनं. माझ्या हुद्द्याचं नाव दवाखान्यात कुणाच्या लक्षात राहत नाही. सिस्टर मंडळी मला वायफायवाली मॅडम म्हणतात आणि प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी मलाच बोलावतात.

आमच्याकडे छताला जागोजागी पांढरे चपटे डबे बसवलेले आहेत. त्यांना ऍक्सेस पॉइंट म्हणतात, वायफाय त्यांच्यातून मिळतं. या सगळ्या डब्यांचा कारभार तळमजल्यावर माझ्या खोलीतला कंट्रोलर बघतो. वायफायचे भाग दोन : एक पेशंटच्या नातेवाइकांसाठी, दुसरा दवाखान्याच्या मशीन आणि टॅबसाठी. दोन्हींची माहिती एकाच तारेतून धावते, पण प्रत्येकीला आपापला क्रमांक दिलेला असतो, म्हणजे एकीची सरमिसळ दुसरीत होत नाही. या व्यवस्थेला व्हीलॅन म्हणतात. नातेवाइकाच्या मोबाइलवरून कुणी दवाखान्याच्या मशीनपर्यंत पोचू नये, एवढाच त्यातला मतलब.

कंट्रोलरची जुनी आवृत्ती आता कंपनी सांभाळणार नव्हती. म्हणून एका रविवारी, ओपीडी बंद असताना, मी अपग्रेड केलं. पुण्याचा कंपनीचा इंजिनिअर फोनवर होता. डबे एकेक करून बंद झाले, परत सुरू झाले, पडद्यावर सगळ्यांपुढे हिरवा ठिपका आला. तळमजल्यावर फिरून मी टॅब तपासले. चालत होते. मी जेवणाचा डबा उघडून भाकरी खायला बसले, तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरून मोठ्या सिस्टरांचा फोन आला.

"मॅडम, वर या. बाळाचा कॅमेरा दिसेना झालाय, आणि इथं रडारड चालू आहे."

आमच्याकडे कमी दिवसांची बाळं तळमजल्यावर काचेच्या पेटीत ठेवतात आणि आया वरच्या मजल्यावर असतात. ज्या आईला उठता येत नाही तिच्यासाठी पेटीवर कॅमेरा लावलाय. आई पलंगावर पडून टॅबवर बाळ बघते.

वर गेले तर खिडकीजवळच्या पलंगावर ताडकळसची एक बाई होती. वय फार नसेल. पोटावर टाके, रक्तदाब वाढलेला, त्यामुळे डॉक्टरांनी तिला संध्याकाळपर्यंत हलवायचं नाही असं सांगितलं होतं. आदल्या दिवशी तिनं टॅबवर बाळ पाहिलं होतं. आज टॅबचा पडदा काळा. शेजारी स्टुलावर सासू बसली होती, गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरून.

"सूनबाई, उगं फिकीर करायलीस. वायफाय बंद हाय म्हनायलेत ना."

"वायफाय बंद हाय?" तिनं पलीकडच्या पलंगाकडं बोट केलं. तिथल्या पेशंटची बहीण मोबाइलवर कसला तरी कार्यक्रम बघत होती. "त्यांचं दवाखान्याच्याच वायफायवर चालायलंय. मी विचारलं त्यांना. मग माझंच लेकरू कसं दिसंना?"

सिस्टरांनी खाली जाऊन आपल्या मोबाइलवर बाळाचा व्हिडिओ काढून आणला होता. तोही तिला पटला नाही. कालचाच असेल, म्हणाली. नवऱ्यानं दारातूनच हात जोडून सांगितलं, बाळ बरं आहे, मी आत्ता बघून आलो. ती त्याच्याकडं बघेना.

मग ती माझ्याकडं वळली. "ताई, तुमी तर घरच्या न्हाई. तुमी खरं सांगा. हाय का न्हाई माझं लेकरू?"

मी बाळ पाहिलं नव्हतं. हो म्हणून टाकणं सोपं होतं, पण सकाळपासून तिला सगळे हो-होच म्हणत होते. मी म्हणाले, "मी अजून पाहिलं नाही. आत्ता जाऊन बघते आणि सांगते."

खाली गेले. चपला काढल्या, हात धुतले, गाऊन घातला. सिस्टरांनी पेटी दाखवली. बाळ माझ्या वितीपेक्षा थोडं मोठं असेल. निळी टोपी, नाकात बारीक नळी, आणि छाती भराभर वरखाली होत होती. मी तिथं गरजेपेक्षा जरा जास्तच थांबले. वर येऊन तिला सांगितलं, "आहे. श्वास घेतोय. डावा हात तोंडापाशी धरून झोपलाय. निळी टोपी आहे."

"टोपी काल पिवळी होती," ती म्हणाली.

"आज निळी आहे."

तिनं डोळे मिटले. माझ्यावर विश्वास बसला की नाही, कळलं नाही. पण रडणं थांबलं.

आता काम. टॅबवर वायफायची रेंज पूर्ण होती, म्हणजे छतावरचा डबा ठीक होता. पण टॅबला नेटवर्ककडून पत्ता मिळत नव्हता, आणि पत्त्याशिवाय तो कुणाशी बोलू शकत नाही. मी डबा बंद करून परत चालू केला. तेच. पुण्याच्या इंजिनिअरला फोन लावला.

"रोलबॅक करा मॅडम. जुन्या आवृत्तीवर परत जा, मग उद्या निवांत बघू."

रोलबॅक म्हणजे सगळ्या दवाखान्याचं वायफाय परत बंद. त्या वेळी तळमजल्याच्या अतिदक्षता विभागात एका पेशंटला नुकतंच आणलं होतं आणि तिथले डॉक्टर त्याचे एक्स-रे टॅबवर बघत होते. मी नाही म्हणाले. तो जरा चिडला. "तुमची जबाबदारी," म्हणाला. मी बरं म्हणून फोन ठेवला.

जिन्यातल्या पायरीवर लॅपटॉप घेऊन बसले आणि त्या बाईचंच म्हणणं मनात घोळवत राहिले. त्यांचं चालायलंय, माझंच कसं दिसंना. एकाच डब्यातून नातेवाइकांचा भाग चालतोय आणि दवाखान्याचा चालत नाही. म्हणजे बिघाड डब्यात नाही, क्रमांकात आहे. आणि तळमजल्यावर दोन्ही चालतात, म्हणजे तो याच मजल्यावर आहे.

मग उलगडलं. जुन्या आवृत्तीत डबे सगळी माहिती गुंडाळून थेट कंट्रोलरकडं पाठवायचे आणि कंट्रोलर ती क्रमांकाप्रमाणे वेगळी करायचा. नवीन आवृत्तीत ते काम डब्यांकडंच आलं. डबा आता क्रमांक घालून माहिती जवळच्या स्विचकडं, म्हणजे मजल्यावरच्या तारा जिथं एकत्र येतात त्या यंत्राकडं, देत होता, आणि तिसऱ्या मजल्याच्या जुन्या स्विचला नातेवाइकांचा क्रमांक ठाऊक होता, पण दवाखान्याचा कधी कुणी शिकवलाच नव्हता. गरजच पडली नव्हती. अनोळखी क्रमांक दिसला की स्विच ती माहिती टाकून देत होता. तळमजल्याचा स्विच नवा, त्यात सगळे क्रमांक पहिल्यापासून होते.

स्विचच्या ज्या पोर्टला, म्हणजे तारेच्या खाचेला, डबा जोडलाय, त्याला मी तो क्रमांक दिला. वॉर्डात जाऊन बघितलं. पडदा काळाच. तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं, मी तशीच परत जिन्यात आले. पुन्हा एकेक पोर्ट वाचत गेले तेव्हा ध्यानात आलं : या स्विचमधून खाली जाणारी जी मुख्य तार आहे, तिच्या पोर्टलाही तोच क्रमांक द्यायला हवा. वरून निघालेली माहिती तिथंच अडत होती. तो घातला, सेटिंग जपून ठेवलं आणि उठले.

वॉर्डाच्या दारात पोचायच्या आधीच सासूचा आवाज आला. "आलं! आलं बघ!"

सुनेनं टॅब छातीवर टेकवून धरला होता. पडद्यावर काचेची पेटी, निळी टोपी, तोंडापाशी हात. ती हसली नाही की रडली नाही. नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "हललं न्हाई अजून."

आम्ही सगळ्याच पडद्याकडं बघत राहिलो, पलीकडच्या पलंगाची बहीणसुद्धा. बाळानं पाय झटकला. सासूनं तोंडाला पदर लावला.

"सिस्टर, टोपी काढायला सांगा ना जरा. केस बघायचेत मला," बाळाची आई म्हणाली.

सिस्टरांनी खाली फोन केला. पडद्यात एक हातमोजा आला आणि टोपी अलगद मागं सरकली. काळंभोर जावळ होतं. ती सासूला म्हणाली, "तुमच्या लेकावर गेलंय," आणि दारातल्या नवऱ्याला सकाळपासून पहिल्यांदा आत बोलावलं.

मी दुसऱ्या मजल्यावर गेले. तिथंही तोच घोळ निघाला, फक्त रविवारमुळे तिथले टॅब अजून कुणी उघडले नव्हते. दुरुस्त करून पुण्याला कळवलं. इंजिनिअरचा राग उतरला होता. बाकीच्या दवाखान्यांना आधीच सांगून ठेवतो, म्हणाला. आणि मीही तेव्हापासून नेटवर्कमध्ये काही बदलायचं असलं की आधी प्रत्येक वॉर्डात जाऊन सांगते, नंतर प्रत्येक मजल्यावर टॅब हातात घेऊन बघते. हिरव्या ठिपक्यांवर भागवत नाही.

संध्याकाळी डॉक्टरांनी तिला चाकाच्या खुर्चीवरून खाली न्यायला परवानगी दिली. बाळाला बघून परत जाताना खुर्ची माझ्या खोलीपाशी थांबली. नवरा ढकलत होता, सासू मागं.

"ताई," ती म्हणाली, "टॅबमधी केवढं मोठं दिसायलं होतं. एवढुसंच हाय की हो."

"वाढेल," मी म्हणाले.

"वाढंल की," सासू म्हणाली आणि खुर्ची पुढं घ्यायची खूण केली.