दोरोचा डावा डोळा

आमच्या सांता रीता गावाचा फुटबॉल संघ पहिल्या विभागात टिकून होता तो एलिओदोरो तुर्सिओसच्या जिवावर. गाव त्याला दोरो म्हणे. तरुणपणी तो पामच्या बागेत फळांचे घड उतरवायचा. वरून पडणारा घड अंगावर न घेता बाजूला सरकायची चपळाई पाहून कुणीतरी त्याला गोलात उभं केलं, आणि तो तिथेच राहिला. केस पांढरे व्हायला लागले तरी दुसऱ्या कुणाला त्या जागेवर पाहायची आम्हाला सवयच नव्हती.

त्या वर्षी हंगाम सुरू होण्याआधी सरावात एका गड्याचा बूट त्याच्या डाव्या डोळ्यावर बसला. सूज उतरली. पण पुढे काही आठवड्यांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून काळोख वर चढायला लागला. खिडकीवर कुणी गोधडी वाळत घालावी तसा, असं तो बायकोला म्हणाला. दुसऱ्या कुणाला त्यानं सांगितलं नाही.

"उद्याच्या उद्या शहरात, सान पेद्रोला चल," नोएमी म्हणाली. "डॉक्टरला दाखवू."

"डॉक्टर म्हणेल खेळ बंद. हंगाम संपू दे."

"आणि डोळा थांबणार आहे का तुझ्या हंगामासाठी?"

दोरो बूट उचलून सरावाला निघाला. खेळ सोडला तर आपण कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं.

मग आमच्यावर गोल व्हायला लागले. सगळे डावीकडून. चेंडू जाळ्यात गेल्यावरच त्याला कळायचं. आम्ही कठड्यावरून ओरडायचो, "दोरो, ती बाजू भाड्यानं दिलीस काय रे?" लोक हसायचे. संघ घसरत घसरत तळाला आला, आणि तळाचा संघ खालच्या विभागात जातो. खालच्या विभागात गेलेली गावं पुन्हा वर आलेली आम्ही फारशी पाहिली नव्हती.

ओस्मीन हा आमचा दुसरा गोलकीपर. कित्येक वर्षं बाकावर बसून होता. आमच्या कोचला सगळे प्रोफे, म्हणजे मास्तर, म्हणत. तो त्यांना म्हणाला, "प्रोफे, मला एकदा उभं तरी करून बघा."

"दोरो पडला तरी उठतो," प्रोफे साउल म्हणाले. "तू अजून पडूनही दाखवलेलं नाहीस."

"पडायला मैदानात तर जाऊ द्या!" ओस्मीन म्हणाला. दोरो शेजारीच बसून हातमोजे साफ करत होता. त्यानं मान वर केली नाही.

बचावपटू कालिक्सला मात्र एके दिवशी कळलं. बसमध्ये त्यानं नेहमीसारखं दोरोकडे संत्रं फेकलं, डावीकडून. संत्रं सरळ दोरोच्या कानावर आदळलं. कालिक्स येऊन शेजारी बसला आणि त्याच्या डोळ्यासमोर हात हलवून पाहिला.

"अरे देवा. कधीपासून?"

"हळू बोल."

"म्हाताऱ्या, तू आम्हा सगळ्यांना बुडवशील."

"मला बाहेर काढलं तर मी बुडतो," दोरो म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की कालिक्सचा राग तिथेच विरला. दोघांनी ठरवलं, डावीकडून चेंडू आला की कालिक्सनं "भिंत!" म्हणून ओरडायचं आणि दोरोनं त्या बाजूला झेप घ्यायची.

आणि जमलं की! मैदानं अर्धी रिकामी असायची, कालिक्सची हाक स्पष्ट ऐकू यायची. हरायचे सामने बरोबरीत सुटले, एक तर आम्ही जिंकलोही. शेवटचा सामना घरच्या मैदानावर होता. बरोबरी झाली तरी वाचणार होतो.

त्या दिवशी झाडून सगळं गाव आलं. ढोल आणले, पत्र्याचे डबे आणले, बायका पातेली बडवत होत्या. आपल्या माणसांना बळ यावं म्हणून आम्ही घसे फोडले. त्या गोंगाटात कालिक्स जीव तोडून "भिंत! भिंत!" ओरडला, आणि दोरोला काहीच ऐकू आलं नाही. चेंडू डाव्या खांबाला चाटून आत गेला. दोरो उजवीकडे बघत उभा होता.

मध्यंतराच्या जरा आधी आम्ही गोल फेडला. खेळाडू एकमेकांना मिठ्या मारत कपडे बदलायच्या खोलीत गेले. दोरोनं दार लावून घेतलं.

"प्रोफे, मला बदला."

"पायाला लागलंय?"

"डोळा गेलाय. डावा. हंगामभर नाही मला दिसत."

बाहेर ढोल चालूच होते. प्रोफेंनी हातातली बाटली भिंतीवर फेकली. "आत्ता सांगतोस? आत्ता?"

ओस्मीननं हातमोजे चढवले. दोरो त्याच्यामागे दारापर्यंत गेला. "त्यांचा तो उंच गडी आहे ना, तो..."

"मला काही सांगू नकोस," ओस्मीन म्हणाला.

तो असा खेळला की आम्ही ढोल वाजवायचे विसरलो. एकामागून एक चेंडू त्यानं अडवले. अगदी शेवटी एक फटका कालिक्सच्याच गुडघ्याला लागून वळला आणि जाळ्यात गेला. ओस्मीन पालथा पडून हातांनी गवत उपटत राहिला. आम्ही खालच्या विभागात गेलो.

दुसऱ्या दिवशी दोरोच्या भिंतीवर कुणीतरी कोळशानं 'आंधळा' लिहिलं. नोएमीनं ते घासलं, आणि घासताना शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा शिव्या दिल्या. सान पेद्रोच्या डॉक्टरनं डोळा पाहिला आणि विचारलं, "वेळेवर का नाही आलात?" उत्तर नोएमीला द्यावं लागलं. दोरो भिंतीकडे तोंड करून उभा होता.

पुढे ओस्मीन एकदा घरी आला. राजधानीच्या एका संघानं त्याला बोलावलं होतं.

"चांगलं झालं," दोरो म्हणाला.

"तू आधीच बोलला असतास तर आपण वाचलो असतो. सगळेच."

"माहीत आहे. मला माफ कर, ओस्मीन."

"नाही जमणार," ओस्मीन म्हणाला. नोएमीनं पुढे ठेवलेली कॉफी मात्र त्यानं पूर्ण प्यायली आणि मगच उठला.

दोरो आता पामतेलाच्या गिरणीत फळांचे ट्रक उतरवतो. एका डोळ्यानं अंतराचा अंदाज येत नाही, म्हणून घड उचलण्याआधी हातानं चाचपून बघतो. सोबतचे मजूर त्याला घाई करत नाहीत, आणि मैदानाबद्दल कुणी काही विचारत नाही.