शांतारामचा थ्रीडी महाल

आधीच सांगतो, मला हे लिहायचं नव्हतं. मंडळाची स्मरणिका छापायला चाललीय. एका जाहिरातदाराने ऐन वेळी अंग काढून घेतलं आणि एक पान मोकळं पडलं. तेव्हा कमिटीला आठवलं, की आपल्याकडे शांताराम नावाचा एक माणूस होता, तो मंडळाचा देखावा करायचा आणि यंदा तो गेला! जाहिरात आली असती तर नसता आठवला.

"बाळाकाका, तुम्ही त्यांचे जुने दोस्त. त्या थ्रीडीचं काहीतरी मजेशीर लिहा ना."

मजेशीर! मी चौथी शिकलेला माणूस. आयुष्यभर बांबू बांधले, सुतळीच्या गाठी मारल्या. पण असले किस्से साठतात खरे, जिन्याखाली जुनी मखरं साठतात तसे. टाकवत नाहीत आणि कामालाही येत नाहीत. एक पान म्हणालेत. जास्त झालं तर त्यांचं त्यांनी बघावं.

*

लालबागमधल्या आमच्या मंडळाच्या देखाव्याचं काम तिघांचं. चित्र आणि रंग शांतारामचा, लाइट भास्करची, बांबू माझे. शांतारामची पद्धत सोपी होती. चाळीच्या चौकात खडूने जमिनीवर देखावा आखायचा, जेवढा असेल तेवढाच. बायका धुणं वाळत घालताना त्यावरून उडी मारून जायच्या. "शांतारामभाऊ, तुमच्या हत्तीच्या पोटावर पाय पडला हो!" झालं, देखावा पास.

यंदा नीलेश अध्यक्ष झाला. चाळीतलाच पोरगा, आता मोठ्या ऑफिसात आहे. पहिल्याच सभेत म्हणाला, "काका, खडू आता बंद. स्पॉन्सरला थ्रीडी डिझाइन लागतं. मेच्या सभेत दाखवा. नाहीतर काम इव्हेंट कंपनीला द्यावं लागेल, माझा नाइलाज आहे."

शांताराम उठून उभा राहिला.

"मग मेल्या, आतापर्यंत आम्ही काय सपाट हत्ती उभे करत होतो?"

सगळे हसले. शांताराम हसला नाही. जिना चढताना मला म्हणाला, "बाळ्या, देखावा गेला तर मी करू काय रे दिवसभर?" मी काय सांगणार? त्याची बायको गेलेली, घरी एक मुलगी मंजू, ती नोकरीला. देखावा म्हणजेच त्याचं वर्ष होतं.

*

थ्रीडी शिकवणाऱ्या क्लासची फी ऐकून आम्ही दादरहून उलट पावली परत आलो. मंजू म्हणाली, "बाबा, कशाला पैसे घालवताय? सॉफ्टवेअर फुकट, शिकवणारेही नेटवर फुकट." तिने आपला जुना लॅपटॉप मंडळाच्या खोलीत आणून ठेवला आणि ऑफिसला गेली.

शिकवणारा एक हिंदी बोलणारा पोरगा होता. पडद्यावर आला की म्हणायचा, "नमस्ते दोस्तों!" आणि शांताराम रोज हात जोडून "नमस्कार" म्हणायचा. भास्कर म्हणाला, "अरे, त्याला ऐकू जात नाही."

"म्हणून काय झालं? फुकट शिकवतो ना?"

गुरुजींचं बोलणं मात्र असं, की गाडी सुटतेय आणि हा फलाटावरून पत्ता सांगतोय. शेवटी कामं वाटून घेतली. माऊस शांतारामकडे. व्हिडिओ थांबवायचं काम भास्करकडे. आणि माझ्याकडे? गुरुजी काय बोलला ते लक्षात ठेवायचं! मला घरून भाजी काय आणायला सांगितली ते लक्षात राहत नाही.

पहिला धडा, चहाचा कप. गुरुजीने तो बोलता बोलता बनवला. आमचा कप होईपर्यंत खरा चहा कितीदा आला आणि किती वेळा गार झाला!

*

मग शांतारामला केलेलं काम मागे घ्यायचं बटण सापडलं. दाबलं की चूक गायब. तो हरखलाच. "आयला, जन्मभर चुकीचा कापलेला प्लाय कधी परत जोडला गेला नाही. इथे बघ!" दाबत सुटला. कपाचा कान गेला, बशी गेली, कप गेला, खालचं टेबल गेलं. पडदा कोरा.

भास्कर ओरडला, "अरे, काय केलंस?"

शांताराम चष्मा काढून म्हणाला, "जन्माच्या पण आधी गेलो रे."

आणि खोकायला लागला. हे खोकणं तेव्हापासूनच होतं. पण लालबागमध्ये खोकणाऱ्या माणसाला कोण विचारतं? खाली दिवसभर मिरच्या कुटतात. आम्ही सगळे मिरचीवर ढकलून मोकळे.

*

कपानंतर हत्ती. हत्ती बरा झाला, मी उगाच नाव ठेवणार नाही. भोईवाड्याच्या बाजूला एकाकडे असली चित्रं प्लास्टिकमध्ये काढून देणारं मशीन आहे. नमुना काढून सभेत टेबलावर ठेवू, अशी शांतारामची इच्छा. मोठ्या रुबाबात फाइल दिली. आमचा हत्ती चौदा फुटी, म्हणून उंचीच्या जागी शांतारामने लिहिलं चौदा. फूट की काय, हे त्याने बघितलंच नाही. आमच्यात फुटाशिवाय कोण बोलतो?

दोन दिवसांनी आणायला गेलो. मी मोठी पिशवी घेतली होती. दुकानदाराने कागदाची पुडी हातात दिली. मशीनने चौदा म्हणजे चौदा मिलिमीटर धरले होते. हत्ती हरभऱ्याएवढा!

भास्करने तो नखावर धरला, डोळ्याजवळ नेला आणि विचारलं, "हे सोंडेकडून की शेपटीकडून?"

शांताराम इतका हसला, की हसता हसता रस्त्यातच पायरीवर बसला. बराच वेळ उठला नाही. ओठ निळसर दिसत होते. मी म्हटलं, "दाखव रे कोणाला तरी." तर म्हणतो, "मे होऊ दे."

*

मध्ये एकदा भास्करने अक्कल पाजळली. नेटवर आयते महाल फुकट मिळतात, एक उतरवून घेऊ, आपले दोन हत्ती समोर ठेवू. शांताराम थकला होता, हो म्हणाला. नीलेशला मोबाईलवर पाठवला. नीलेश खूश! "काका, एकदम प्रोफेशनल!" म्हणत त्याने तो सगळ्या ग्रुपवर टाकलासुद्धा.

आठवड्यातच पलीकडच्या गल्लीतल्या मंडळाचा बॅनर लागला. तोच महाल! तेच खांब, तेच घुमट. त्यांचा देखावावाला तणतणत आमच्या खोलीत आला.

"आमचा महाल चोरलात!"

शांतारामने शांतपणे विचारलं, "तुमच्या डावीकडच्या दाराला कडी कुठल्या बाजूला आहे?"

तो मोबाईलमध्ये बघून म्हणाला, "बिजागरीच्या बाजूला."

"आमच्या पण. मग हे दार उघडत नाही तुमचं, आणि आमचंही नाही. बसा, चहा घ्या."

त्याने चहा घेतला नाही. तो गेल्यावर शांतारामने अख्खा महाल पुसून टाकला. म्हणाला, "शिकायचं फुकट. करायचं आपलं." आणि पुन्हा पहिल्या खांबापासून सुरुवात केली. मेची सभा तोंडावर आली होती. खोकल्याने त्याला सरळ बसवत नव्हतं, पोटाशी उशी धरून माऊस चालवायचा.

*

मेची सभा. खोलीत भिंतीवर पांढरी चादर लावलेली, तिच्यावर प्रोजेक्टर. शांताराम इस्त्रीचा शर्ट घालून आलेला. नीलेशने फाइल उघडली. महाल असा उभा राहिला, की माझ्यासारख्या खडूसालाही वाटलं, आत जाऊन बसावं. जाळ्या, कमानी, दोन हत्ती, पायऱ्यांवर रांगोळी. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

स्पॉन्सरकडून आलेला एक माणूस खुर्चीत बसला होता. तो म्हणाला, "जरा रोटेट करा ना."

नीलेशने महाल फिरवला.

मागे काहीच नव्हतं! पुढून हत्ती, मागून पोकळ अर्धी करवंटी. खांब मागून उघडे. घुमट म्हणजे नुसती पुढची टोपी. महालाच्या आरपार चादर दिसत होती.

खरं तर आमच्या लक्षातच आलं नव्हतं. जन्मभर आम्ही पुढचीच बाजू केली. देखाव्याच्या मागे बांबू, गोणपाट आणि आम्ही तिघं. मागची बाजू रंगवायला सांगणारा माणूस आजवर भेटला नव्हता.

पोरं फिदीफिदी हसायला लागली. नीलेशलाही हसू आवरेना. "काका, याला पाठच नाही! थ्रीडीत पाठ नको का?"

शांताराम म्हणाला, "लोक पुढून बघतात रे."

"ते खरं काका, पण…"

त्या 'पण'मध्ये काम गेलं. इव्हेंट कंपनीवाल्याचं डिझाइन आधीच तयार होतं. त्याला पाठ होती, पोट होतं, सगळं होतं. मी उठून चार शब्द बोलणार होतो, चांगले नव्हते ते. शांतारामने माझा शर्ट ओढला. "गप रव, बाळ्या. पोरगा बरोबर बोलतो."

*

त्यानंतर मंजूने त्याला परळला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. मी बरोबर होतो. डॉक्टर तरुण, गोड बोलणारी बाई. तिने कॉम्प्युटरवर शांतारामची फुप्फुसं दाखवली, रंगीत, जिवंत असल्यासारखी. मंजूने बघितलं आणि खिडकीकडे तोंड केलं. शांताराम खुर्ची पुढे ओढून बघत बसला.

"डॉक्टर, हे फिरतं का हो?"

तिने फिरवलं. डाग मागच्या बाजूला होता, चांगला मोठा.

शांतारामने माझ्या मांडीवर थाप मारली.

"बघ बाळ्या! ह्याका पाठ आसा."

डॉक्टरबाईला वाटलं, पेशंटला नीट कळलेलं नाही. तिने पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगितलं. तो मान डोलावत राहिला.

*

गणपती बसायच्या आधीच गेला. नीलेश स्मशानात माझ्या पाया पडला, रडला, चुकलो म्हणाला. त्याचं माझं मिटलं. पोरगा वाईट नाही.

नंतर एका दुपारी मंजू लॅपटॉप घेऊन मंडळाच्या खोलीत आली. भास्कर आणि मी होतो. म्हणाली, "बाळाकाका, बाबा शेवटपर्यंत अंथरुणात हेच करत होते. मला सांगायचे, मागची बाजू राहिलीय. मला एकटीला बघवत नाही. तुम्ही उघडा."

भास्करने उघडलं. समोर तोच महाल. भास्कर म्हणाला, "फिरवू?" मी म्हटलं, "फिरव."

मागे महाल नव्हता. मागे बांबू होते. माझे बांबू, सांध्याला माझीच दुहेरी गाठ, सुतळीची शेंडी बाहेर लोंबणारी. गोणपाट, त्याला पडलेलं भोक. रंगाचे डबे, एकावर ब्रश आडवा. मोडकं स्टूल, टेबलफॅन, चहाची किटली. लाइटच्या बोर्डाजवळ एक माणूस उकिडवा, तोंडात टेस्टर धरलेला. तो भास्कर. भास्कर बघत राहिला, मग चष्मा पुसायला लागला.

मी विचारलं, "मी कुठे आहे?"

भास्करने अजून थोडं फिरवलं. हत्तीच्या मागे, गोणपाटांच्या ढिगावर, पाय पसरून, तोंड उघडं टाकून एक म्हातारा ढाराढूर झोपलेला. माझा पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट, माझं टक्कल. बाजूला चपला सुद्धा काढून ठेवलेल्या!

मंजू हसली. बाप गेल्यापासून पहिल्यांदा हसली, मग थांबेना. भास्करही सामील झाला. मला हसायला काय झालं? इतके गणपती त्या महालांच्या मागे मी उभा राहिलो, वारा सुटला की दोरी हाताला गुंडाळून धरली, डोळ्याला डोळा लागू दिला नाही. विचारा कोणालाही. आणि हा मला झोपवून गेला!

नीलेशचं माफी मागून झालंय. राहिलाय तो एकटा शांताराम पेडणेकर.