सेफ्टीकाका आणि गच्चीचं कुलूप

या जगात जे जे पडण्यासारखं आहे, ते ते पडायच्या आधीच आमच्या काकांनी पाहून ठेवलेलं असतं. डोक्यावरचा पंखा, भिंतीवरचं घड्याळ, फळीवरचा डबा, माठाखालची ओल आणि या सगळ्याच्या आसपास निर्धास्तपणे वावरणारा माणूस. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. अंबडच्या एका कारखान्यात ते सेफ्टी ऑफिसर होते; निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, सेफ्टी काही सुटली नाही. मिसळ खायला नेलं, तर तर्रीकडे बघायच्या आधी ते बाहेर पडायचा दुसरा दरवाजा शोधत. संक्रांतीच्या दिवसांत नायलॉन मांजाच्या धास्तीने गळ्याला जाड टॉवेल गुंडाळून स्कूटरवर आमच्याकडच्या द्वारका चौकातून जात, तेव्हा सिग्नलला थांबलेले लोक त्यांना "काका, गळू झालंय का?" असं विचारत. मावशी तर थेट लग्नापासून सुरुवात करते. "अंतरपाट बाजूला झाला, मी मान खाली घालून लाजतेय, हळूच बघितलं तर हे वर बघतायत! मला वाटलं, देवाचे आभार मानतायत. कसले आभार! मांडवाची वायर उघडी होती म्हणे." हार गळ्यात पडायच्या आधी लायटिंगवाल्याला हाक गेली होती, आणि लग्नाच्या फोटोत काकांचा चेहरा अजूनही वरच आहे.

निवृत्तीनंतर हा माणूस दिवसभर घरात राहिला आणि मावशीच्या संयमाचा कडेलोट झाला. गॅसजवळ लाल पट्टी, बाथरूममध्ये पाटी, स्टुलावर चढायचं तर आधी त्यांची परवानगी. एक दिवस तिने मला फोन केला. "यांना तुझ्याकडे कुठंतरी गुंतव गं बाई, नाहीतर मीच तुझ्याकडे भरती होते." मी गंगापूर रोडच्या बाजूला एक छोटा वृद्धाश्रम चालवते. म्हटलं, येऊ दे, गप्पा मारतील, पेपर वाचून दाखवतील. काका आले, दारातच वाकले आणि फरशीवरून बोट फिरवून म्हणाले, "ही फरशी नाही, घसरगुंडी आहे." त्या दिवसापासून गप्पा राहिल्या बाजूला. न्हाणीघरात धरायला दांड्या बसल्या, गुळगुळीत चपला हद्दपार झाल्या, पॅसेजमध्ये पिवळी रेघ आली आणि सगळ्यांनी तिच्या डाव्या बाजूने चालायचं ठरलं. हळदीकुंकवाला बायका अत्तर लावत होत्या, तर हे दारात कोरडं फडकं घेऊन उभे! गुलाबपाण्याचा एक थेंब जमिनीवर पडला की काका वाकलेच. आज्यांनी दोनच दिवसांत त्यांचं बारसं करून टाकलं: सेफ्टीकाका. मी वैतागले होते, खोटं कशाला बोलू? पण त्या दांड्या बसल्यापासून न्हाणीघरातून "अगं आई गं" ऐकू यायचं थांबलं, हेही खरं.

त्यांच्या आगीच्या तालमीचं काय सांगू! आठवडाभर आधी त्यांनी सगळ्यांना बसवून समजावलं होतं. घंटा वाजली की हातातलं सगळं टाकायचं, काही घ्यायचं नाही, सरळ अंगणातल्या कडुलिंबाखाली यायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. ठरल्या दिवशी काकांनी घंटा बडवली आणि "आग! आग!" असा पुकारा केला. आजोबा मंडळी अगदी शहाण्यासारखी, डाव्या बाजूने, कडुलिंबाखाली. आज्यांचा मात्र पत्ता नाही. काका शिट्टी फुंकत आत धावले, मी त्यांच्यामागे. बघतो तर काय, आमच्या यच्चयावत आज्या स्वयंपाकघरात! जन्मभर आग म्हटलं की गॅसकडे धावायचं, एवढंच त्यांना ठाऊक. एकीने रेग्युलेटर बंद केला होता, एक पातेल्यावर झाकण दाबून उभी, एकीच्या कडेवर देव्हाऱ्यातला बाळकृष्ण, आणि सगळ्यांत थोरल्या आजी काकांवरच खेकसल्या, "शिट्टी काय फुंकताय, घागर द्या इकडं!" काका मटकन स्टुलावर बसले. पुढे त्यांनी चिडचिड न करता गॅसचा मुख्य खटका स्वयंपाकघराबाहेर, अंगणात जायच्या वाटेवर बसवून घेतला. म्हणाले, "बायका गॅसकडे धावणारच. मग गॅसच बाहेर आणू." त्यानंतरच्या तालमीला आज्या आजोबांच्या आधी कडुलिंबाखाली हजर होत्या.

पण काकांची खरी माया होती ती आमच्या सांभाळणाऱ्या तायांवर. म्हाताऱ्या माणसाला उठवायचं, बसवायचं, कुशीवर वळवायचं, यात या बायांच्या कमरेचे तीनतेरा वाजतात आणि त्याबद्दल कुणी विचारत नाही. काका विचारायचे. "जिची स्वतःची कंबर गेली, ती दुसऱ्याला काय उचलणार?" एकटीने कुणी कुणाला उचलायचं नाही, असा त्यांचा दंडक होता. वाकायचं कसं, गुडघ्यातून उठायचं कसं, हे शिकवायला त्यांनी चक्क कांद्याची गोणी आणली. आमच्या शोभाताई लासलगावकडच्या. मार्केटात कांदा निवडून हात राकट झालेला, जिभेचंही तसंच. गोणीला मिठी मारून त्या म्हणाल्या, "काका, कांद्याची गोणी भांडत नाय ओ. म्हातारी भांडती, चिमटे बी काढती!" सगळ्या हसल्या. मग काका स्वतः खाटेवर आडवे झाले आणि म्हणाले, "चला, मी भांडतो." त्यांनी असले हातपाय झाडले की विचारू नका. त्या दुपारी तायांना उचलायची रीत जमली आणि काकांची मान आठवडाभर अवघडली.

एवढं सगळं का, हे मला मावशीने सांगितलं. काका नोकरीत नवे असताना एक कामगार पट्टा न बांधता पत्र्यावर चढला होता. "दोन मिनिटांचं काम आहे साहेब," असं तो म्हणाला आणि काकांनी मान हलवली. तो पडला, जीव वाचला, पण परत उभा राहिला नाही. मावशी म्हणाली, "तेव्हापासून हे असे आहेत. लोक हसतात, हसू देत." हे कळल्यावर मी त्यांच्या पिवळ्या रेघेची चेष्टा जरा कमी केली.

आमच्याकडे येवल्याचे एक आजोबा होते. सगळा जन्म हातमागावर पैठणी विणण्यात गेला. आता हातांना कंपवात. बोलणं कमी, पण संक्रांत जवळ आली की त्यांचे डोळे लकाकायचे. येवल्याची माणसं संक्रांतीला जमिनीवर नसतातच, गच्चीवर असतात. पोरंटोरं, बाया, म्हातारे, सगळे. तर एका पौषात हे आजोबा कुणाला न सांगता गच्चीच्या जिन्यावर चढले आणि तिसऱ्याच पायरीवरून घसरले. हाड मोडलं नाही, देवाची कृपा. पण काकांचा चेहरा पांढराफटक पडला. त्याच संध्याकाळी गच्चीला कुलूप लागलं आणि किल्ली काकांच्या खिशात गेली. आजोबांना ताकीद मिळाली: आधाराशिवाय उठायचं नाही. मग काय, आजोबा बसले. बसले ते बसलेच. जेवण खाटेवर, चहा खाटेवर. वर्षभरात पायांतली ताकद पार गेली. कुठे खरचटलं नाही, कुठे आपटलं नाही. काका सगळ्यांना अभिमानाने सांगत, "वर्षभरात एकदाही पडले नाहीत!"

पुढची संक्रांत तीन-चार दिवसांवर आली. आजोबांनी काकांचा हात धरला आणि म्हणाले, "साहेब, एकदा गच्चीवर न्या. एक पतंग उडवतो, लगेच खाली येतो. दोन मिनिटांचं काम हाय." झालं! नेमके तेच शब्द. काकांनी हात सोडवून घेतला आणि "नाही म्हणजे नाही" एवढंच म्हणून ते निघून गेले. आजोबांनी भिंतीकडे तोंड केलं. दुपारी जेवले नाहीत, संध्याकाळी दूधही परत गेलं. दुसऱ्या दिवशी तेच. डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, शरीरात काही नाही, मनानं घेतलंय. मी समजावलं, रागावले, मला रडूही आलं. आजोबा भिंतीशी काय बोलत होते कोण जाणे, आमच्याशी बोलत नव्हते. हा माणूस आता आपल्या हातून जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

शेवटी शोभाताई परत आलेलं ताट तसंच हातात घेऊन काकांसमोर उभ्या राहिल्या. "काका, तुमी लय चांगले हाय. माझी कंबर तुमीच वाचवली, नाय म्हनत नाय मी. पण एक सांगते. तुमी या बाबाला पडू दिलं नाय, खरं हाय. पण उभं बी राहू दिलं नाय." मी मनात म्हटलं, आता काका उखडणार. पण त्यांनी खिशातून किल्ली काढली, एकटेच गच्चीवर गेले आणि बराच वेळ खाली आले नाहीत.

आले ते मोजमाप घेऊनच! भोगीच्या दिवशी आश्रमाचं रूप असं काही बदललं की जणू कुंभमेळ्याची तयारी चालली आहे. हात असलेली खुर्ची गच्चीच्या मधोमध आली आणि पाण्याच्या टाकीच्या खांबाला करकचून बांधली गेली. काकांनी जुन्या ओळखीतून कारखान्यातला उंचीवरच्या कामाचा पट्टा आणला, हेल्मेट आणलं, बोटांसाठी हातमोजे, डोळ्यांना चष्मा, आणि दोरा साधा सुती. जिन्यावर गोणीवाल्या तायांची पथकं उभी. संक्रांतीच्या सकाळी आजोबांना खुर्चीसकट वर नेलं, पट्टे आवळले, हेल्मेट चढवलं. आजोबांनी स्वतःकडे पाहिलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं. "साहेब, पतंग उडवायचा हाय का चंद्रावर जायचंय?"

काका कसंनुसं हसले. आसारी, म्हणजे दोरा गुंडाळलेली ती बांबूची रीळ, धरायला कुणी नव्हतं, मी म्हटलं मी धरते, तर म्हणाले, "नको, माझ्याकडे दे. माझ्या डोळ्यांसमोर असू दे सगळं." आजोबांनी आधी हातमोजे काढून फेकले. मग दोरा बोटांवर घेतला. हात थरथरत होतेच. पण ती थरथर दोऱ्यातून वर गेली की पतंग नुसता ठुमकायचा. खाली ज्या हातांना चमचा धरता येत नव्हता, त्याच हातांनी पतंग बघता बघता टाकीच्या, कडुलिंबाच्या, समोरच्या इमारतीच्या वर नेला. शोभाताईंनी डोळ्यांना पदर लावला. आणि नेमका तेव्हाच शेजारच्या सोसायटीचा एक मस्तवाल काळा पतंग पेच लावायला आला. आजोबा ओरडले, "ढील द्या साहेब! ढील! मागं सरका!" काका मागे सरकले. "अजून मागं!" काका अजून मागे. नजर आभाळात, हातात आसारी भिरभिरतेय, तोंड लहान पोरासारखं उघडं. ना पट्टा, ना हेल्मेट. सगळी सेफ्टी आजोबांच्या अंगावर! "काका, कठडा!" मी किंचाळले. त्यांना ऐकूच आलं नाही. शोभाताईंनी झेप घेतली आणि त्यांच्या स्वेटरची मागची बाजू मुठीत पकडली. त्याच क्षणी काळा पतंग कटला आणि आजोबांनी अशी आरोळी ठोकली की खाली आज्यांनी आपणहून गॅस बंद केला.

काका कठड्याला टेकून धापा टाकत होते. मागे वळून त्यांनी खाली पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता गच्ची कायमची बंद. तर म्हणाले, "काळा होता ना गं? काय काटला!"

त्या दिवशी आजोबा पोटभर जेवले, गुळाच्या पोळीवर तूप मागून घेतलं. दुसऱ्या दिवशीपासून पॅसेजमध्ये दोन-दोन पावलं टाकू लागले, हळूहळू चालू लागले. काका त्यांच्या बाजूने चालत, हात पुढे केलेला, पण अंगाला न लावता. वर्षभरात आजोबा दोनदा पडलेसुद्धा. काकांनी उठवलं, औषध लावलं, "चला" म्हणाले. पुढच्या दोन संक्रांतींना आजोबांनी खुर्चीतून उठून, उभं राहून पतंग उडवला. मग एका पावसाळ्यात ते गेले. मी काकांना फोन केला, तर सवयीने त्यांनी आधी हेच विचारलं, "पडले का?" मी म्हटलं, "नाही काका, झोपेत गेले. काल संध्याकाळी अंगणात फेरी मारली होती." काका म्हणाले, "चालत होते म्हणजे." आणि फोन ठेवला.

आता काका-मावशी मुलाकडे पुण्याला राहतात, खूप वरच्या मजल्यावर. काकांचे गुडघे गेलेत, इकडे येणं होत नाही. त्यांच्याशिवाय आश्रम चालतो, पण मला त्यांची फार आठवण येते. कुणी इतकं काळजीने फरशीवरून बोट फिरवत नाही. गच्ची मात्र दर संक्रांतीला उघडते. यंदा खुर्च्याही जास्त होत्या, थोरल्या आजी हेल्मेट घालून सगळ्यांत पुढे बसल्या होत्या. मी दोरा सोडत असतानाच फोन वाजला. काकाच. मी आपली उत्तरं तयार ठेवली होती: पट्टे बांधलेत, जिन्यावर माणसं आहेत, दोरा सुती आहे. तर त्यांचा पहिला प्रश्न काय असावा? "वारा कसा आहे गं?" मी वर पतंगाकडे पाहिलं. "छान आहे, काका," मी म्हटलं, "नदीकडून येतोय." मग पट्ट्यांचं त्यांनी विचारलंच नाही. मीच सांगितलं, बांधलेत म्हणून.